ग्रिअर्सन आमच्या तालुक्यात

मोठी माय जात्यावरच्या ओव्या म्हणते त्या अहिराणीत. घरात जातं राहिलं नाही, ओव्या राहिल्या. पतसंस्थेतून निवृत्त झाल्यावर मी त्या वहीत उतरवायला घेतल्या आणि पहिल्याच पानावर अडलो. ती बोलते तसं लिहावं की आम्ही शाळेत शिकलो तसं? धुळ्याची अहिराणी आणि नंदुरबारकडची अहिराणी यांत कुठली धरायची? गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी सांगितलं, की इंग्रजांच्या काळात ग्रिअर्सन नावाच्या साहेबानं हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली होती, त्यात आपली बोलीही आहे. ते पुस्तक बघ. पुस्तक कुठं मिळेल, हे मात्र गुरुजींना ठाऊक नव्हतं.

आमचं वाचनालय साक्री तालुक्यातलं, 'ब' वर्गातलं. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि त्यावर अनुदान ठरतं. आमच्याकडे कादंबऱ्या आहेत, चरित्रं आहेत, वर्तमानपत्रांचं टेबल आहे आणि मागच्या खोलीत पोलीस भरती नि एमपीएससीची पोरं पहाटेपासून जागा धरून बसलेली असतात. शंभर वर्षांपूर्वीचा इंग्रजी भाषाग्रंथ तिथं मिळेल अशी माझीही अपेक्षा नव्हती. ग्रंथपाल ताईंनी कार्डांचा खण न उघडताच सांगितलं, "काका, छापील नाही मिळायचं. कॉम्प्युटरवर बघू." ई-पुस्तक म्हणजे पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवतात ते, एवढीच माझी तोवरची समजूत होती.

ताईंनी आधी नॅशनल डिजिटल लायब्ररी उघडली. आयआयटी खरगपूरनं उभी केलेली ही सरकारी लायब्ररी २०१८ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. पैसे लागत नाहीत. ईमेल द्यायचा, आलेल्या दुव्यावर टिचकी मारायची, शिक्षण आणि आवडीची भाषा भरायची, झालं नाव दाखल. तिथलं काम कसं चालतं ते मला जरा उशिरा उमगलं. पुस्तकं बहुतेक तिच्या स्वतःच्या कपाटात नसतात. देशभरातल्या संस्थांच्या कपाटांची एकत्र यादी तिच्याकडे असते. नाव टाकलं की कुठल्या संस्थेकडे काय आहे ते दिसतं आणि टिचकी मारली की आपण त्या संस्थेच्या दारात उभे. पुढं ते दार उघडं असेल तर पुस्तक मिळतं, नाहीतर फक्त नाव, लेखक, साल. तरी नाव आणि साल नीट कळणं हेच अर्धं काम असतं. डाव्या बाजूला भाषा, प्रकार, संस्था असे गाळण्याचे रकाने आहेत. ते न वापरता शोधलं तर शोधनिबंधांच्या ढिगात माणूस हरवतो.

माझ्या पुतणीनं दुसरा रस्ता सुचवला. ती धुळ्याला कॉलेजात आहे. तिच्या लायब्ररीतून तिला एन-लिस्टचा आयडी नि पासवर्ड मिळालाय. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडून २०१० पासून कॉलेजांना ही सोय आहे. हजारो इंग्रजी नियतकालिकं आणि लाखाच्या घरात ई-पुस्तकं घरबसल्या वाचता येतात. "माझ्या आयडीवरून बघा ना, काका," असं ती म्हणाली. तिच्याच ग्रंथपालांनी आयडी देताना दुसऱ्याला द्यायचा नाही असं बजावलं होतं, म्हणून मी नको म्हटलं. तिनंच शोधून पाहिलं. व्यवस्थापन, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र यांची परदेशी प्रकाशकांची पुस्तकं भरपूर. अहिराणीचं काही तिच्या हाती लागलं नाही. पदवीच्या पोरांनी मात्र ही सोय सोडू नये. आपल्या कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन एकदा विचारावं, पुष्कळांना तर तो आयडी असतो हेच माहीत नसतं.

शेवटी पुस्तक सापडलं ते इंटरनेट आर्काइव्हवर. अमेरिकेतली ही संस्था १९९६ पासून जुनी वेबपानं आणि पुस्तकं साठवते. ताईंनी 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया' असं टाकल्यावर एकाच ग्रंथाच्या कितीतरी प्रती समोर आल्या. कुणी कलकत्त्याची प्रत स्कॅन केलेली, कुणी कॅनडातली. पुष्कळांच्या नावापुढं खंडाचा आकडाच नाही. त्यामुळं एकेक उघडून पहिलं पान वाचणं आलं. मराठी आहे सातव्या खंडात, १९०५ सालच्या. आपली बोली तिथंच असणार असं कुणालाही वाटेल. पण ती आहे नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ल बोलींच्या शेजारी, १९०७ सालच्या. ग्रिअर्सननं खान्देशीला, म्हणजे आपल्या अहिराणीला, मराठीखाली न घालता वेगळं काढलं, हे मला नंतर वाचून कळलं. अहिराणी मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर आमच्याकडे पारावर अजून वाद रंगतात, त्या वादाला एवढं जुनं पान सापडावं याचं मला अप्रूप वाटलं.

खंड सापडला तरी आतलं पान सापडायला वेगळी युक्ती लागली. वाचनाच्या चौकटीत भिंगाचं चिन्ह असतं, तिथं शब्द टाकला की पुस्तकात तो कुठं कुठं आलाय ते दिसतं. आपण आज 'खान्देशी' इंग्रजीत लिहिताना शेवटी एस-एच लावतो. १९०७ च्या छपाईत नुसता एस आहे आणि त्याच्या डोक्यावर खूण. यंत्राला ती खूण दिसत नाही, एस दिसतो. एच काढून शोधल्यावर पानांची रांगच लागली. जुन्या इंग्रजी पुस्तकांत गावांची, जातींची, पिकांची नावं शोधताना हे ध्यानात ठेवावं लागतं. तेव्हाच्या साहेबांची स्पेलिंगं आजची नव्हती.

आता उतरवून घेणं. आर्काइव्हच्या पानावर डाउनलोडचे पर्याय ओळीनं असतात, कॉम्प्युटरवर बाजूला, मोबाइलवर बरंच खाली सरकवल्यावर. पीडीएफ, ईपब, नुसता मजकूर. ताईंच्या मुलानं सांगितलं, "ईपब घ्या काका, फाइल हलकी असते आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं." हे खरंच आहे. ईपबमध्ये ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे मोडतात, साठीतल्या डोळ्यांना याहून सोयीचं काही नाही. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. मोबाइलवर तो बोटांनी ताणून डावीकडून उजवीकडे ओढत वाचावा लागतो, पीक पाहायला बांधावरून चालावं तसं.

पण या पुस्तकाला ईपब चालला नाही. ग्रिअर्सननं प्रत्येक बोलीचा नमुना घेताना बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणी सांगवून घेतली होती. एका माणसाला दोन मुलगे, धाकटा वाटणी मागून निघून जातो, ती. हे नमुने रोमन अक्षरांत छापलेत, अक्षरांवर दीर्घाच्या रेघा, खाली टिंबं. ईपब तयार होतो तो यंत्रानं पान वाचून, माणसानं तपासून नव्हे. इंग्रजी विवेचन त्यात झकास उतरतं आणि बोलीचा नमुना आला की नुसता चुरा. रेघांच्या जागी स्वल्पविराम, टिंबांच्या जागी आकडे. मला तर नेमका नमुनाच हवा होता. म्हणून दोन्ही ठेवले. विवेचन ईपबमध्ये वाचायचं आणि नमुन्यांपुरतं पीडीएफ उघडायचं. कविता, कोष्टकं, नकाशे, शब्दकोश, जुनी मोडी-देवनागरी छपाई असं काही असेल तर फोटोच हवा. सलग गद्य असेल तर ईपब.

पीडीएफ जड होती. दिवसाच्या दीड जीबीत ती बसली असती, पण गावात दुपारी वीज गेली की टॉवरही दमतो. डाउनलोड अर्ध्यावर तुटायचं आणि पुन्हा मुळापासून सुरू व्हायचं. मग वाचनालयाच्या ब्रॉडबँडवर सकाळी उतरवलं आणि पेन ड्राइव्हवर घरी आणलं. पुढं जड फाइल्स मी तशाच आणत गेलो.

खान्देशीच्या भागाची छापील प्रत मी साक्रीच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून स्पायरल बाइंडिंग करून घेतली. मोठी माय पडद्याकडे बघत नाही, कागद असला की बसते. मी नमुना वाचून दाखवला. "हाई कोनी लिखेल शे?" तिनं विचारलं. साहेबानं, म्हटलं. एका ठिकाणी तिनं हात उडवला, "असं आपलाकडे नही बोलतस." आणि ती कसं बोलते ते सांगितलं. मी समासात टिपून घेतलं. माझ्या वहीला तेव्हा कुठं वळण लागलं. नमुन्याशेजारी तिचा उच्चार, त्याच्याखाली ओवी.

एकदा चटक लागल्यावर मग १८८० चं खान्देशचं गॅझेटिअरही शोधलं. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तो बारावा खंड, कॅम्पबेल साहेबाच्या देखरेखीखाली झालेला. तेव्हा खान्देश एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, नंतर जळगाव नि धुळे ही नावं आली आणि नंदुरबार तर १९९८ मध्ये वेगळा झाला. त्यामुळं आपल्या गावाचं काही शोधायचं तर जिल्ह्याचं आजचं नाव टाकून उपयोग नाही. राज्य सरकारच्या दर्शनिका विभागानंही गॅझेटिअरं ई-पुस्तकाच्या रूपात दिली आहेत. त्यांतलं मराठी वाचायला सोपं पडतं.

मराठी पुस्तकांची गोष्ट वेगळी, आणि तिथं जास्त चिकाटी लागते. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात लाखो जुनी पुस्तकं स्कॅन झाली, ती आर्काइव्हवरही आहेत. पण नावं रोमन अक्षरांत नोंदवलेली. दीर्घ 'आ'साठी दोन ए, दीर्घ 'ई'साठी दोन आय. देवनागरीत शोधलं तर हाती काही लागत नाही, आपण मोबाइलवर मिंग्लिश लिहितो तसं लिहूनही लागत नाही. लेखकाच्या आडनावाचे दोन-चार प्रकार करून पाहावे लागतात. जुन्या स्कॅनमध्ये कुठं पान तिरकं, कुठं स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. आतला मजकूर शोधता येत नाही, कारण देवनागरीचं यंत्रवाचन त्या काळी धड होत नव्हतं. तरी जे पुस्तक कुठल्याच दुकानात नाही ते डोळ्यांसमोर येतं, मग अंगठ्याचं काय एवढं!

त्यामानानं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरचं काम सोपं. मंडळाची पुष्कळ प्रकाशनं पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात. मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो. विकिस्रोतावर स्वयंसेवकांनी ओळ न् ओळ तपासलेली जुनी मराठी पुस्तकं आहेत. तिथं देवनागरीत शोधता येतं आणि ईपबही मिळतो, तोही चुरा न झालेला. ई-साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची पुस्तकं त्यांच्या परवानगीनं फुकट देतं. माझं मत विचाराल तर फुकटात मिळणाऱ्या मराठी ई-पुस्तकांत डोळ्यांना सगळ्यांत सुखाचं विकिस्रोत, आणि संख्येनं ते अजून बरंच थोडं आहे.

आजची मराठी कादंबरी मात्र यांतल्या कुठल्याच दारात मिळाली नाही. विकत घ्या, नाहीतर वाचनालयातून छापील आणा. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तो त्याच्या गावच्या लायब्ररीच्या कार्डावर लिबी नावाच्या अ‍ॅपमधून नव्या पुस्तकांची ई-प्रत घरी बसून घेतो. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, दंड नाही. एका वेळी लायब्ररीनं जितक्या प्रतींचे हक्क घेतलेत तितक्याच जणांना मिळतं, बाकीचे रांगेत. मी त्याला म्हटलं, तुझ्या कार्डावर मला एखादं दे. "मामा, इथं राहणाऱ्यालाच कार्ड मिळतं," तो म्हणाला. त्याच्या तालुक्याची तरतूद त्याच्या तालुक्याला, हे बरोबरच आहे. आमच्या तालुक्याला अशी तरतूद कधी होते ते बघायचं.

उसनं ई-पुस्तक मी घेतलं ते आर्काइव्हवरूनच. हक्क न संपलेलं भाषाशास्त्राचं एक पुस्तक होतं. खातं उघडलेलं होतंच. बटण दाबलं की तासाभरासाठी मिळतं, काही पुस्तकं चौदा दिवसांसाठीही. तासाचं पुस्तक दुसरं कुणी मागत नसेल तर पुन्हा घेता येतं. पडद्यावरच वाचायचं, फाइल आपल्याकडे राहत नाही. काम झालं की परत करायचं बटण दाबावं, म्हणजे पुढच्याला मिळतं. यावरून अमेरिकेत मोठा खटला झाला. करोनाच्या सुरुवातीला आर्काइव्हनं रांगेची अट उठवली, प्रकाशक २०२० मध्ये कोर्टात गेले, २०२३ मध्ये निकाल आर्काइव्हच्या विरुद्ध लागला आणि २०२४ मध्ये अपिलातही तो टिकला. पाच लाखांहून जास्त पुस्तकं उसनी देणं त्यांना बंद करावं लागलं. म्हणून एखाद्या यादीत जुना दुवा दिसला आणि पुस्तक 'उपलब्ध नाही' आलं, तर आपल्या मोबाइलला दोष देऊ नये.

हक्कांचा हिशेब ताईंनी मला समजावला, कारण त्यांना तो रोज लागतो. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं, पुढच्या एक जानेवारीपासून मोजायची. अमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांचं झालं. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या पश्चात, १९५२ मध्ये छापली गेली. अशा पुस्तकाची साठ वर्षं छापल्या सालानंतर मोजतात. (बहिणाबाईंची बोली अहिराणी नव्हे, लेवा गणबोली. हे जळगावबाहेरच्या माणसाला सांगून सांगून आम्ही थकलो.) विनोबांची गीतेवरची प्रवचनं १९३२ मध्ये धुळ्याच्याच तुरुंगात झाली, ती ऐकताना लिहून घेतली साने गुरुजींनी. पण विनोबा गेले १९८२ मध्ये, म्हणजे त्या पुस्तकाचे हक्क २०४२ अखेरपर्यंत. एकाच तुरुंगातले दोघं, एकाचं लेखन बिनधास्त उतरवावं आणि दुसऱ्याचं विकत घ्यावं.

हे सगळं चालू असताना मागच्या खोलीतली पोरं मधूनमधून डोकावायची. त्यांना ग्रिअर्सनशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या मोबाइलमध्ये टेलिग्रामवरून आलेली, चालू प्रकाशकांच्या स्पर्धापरीक्षा पुस्तकांची स्कॅन केलेली पीडीएफ भरलेली होती. एकानं ताईंना ती वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर ठेवायला सांगितली. ताई म्हणाल्या, "तुझ्या मोबाइलात काय आहे ते तू बघ, इथं नाही ठेवणार." पोरगा नाराज झाला. मग आम्ही बसून त्याला हवं ते हक्काच्या ठिकाणाहून काढून दिलं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आणि एनसीईआरटीची पुस्तकं दोन्ही अधिकृतपणे पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आणि स्पर्धापरीक्षेचा पाया तीच असतात. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र असे इयत्तावार फोल्डर झाले. लहान पोरांसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरून मराठी गोष्टी उतरवल्या. त्यांचा परवानाच असा आहे की लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून कुणीही छापाव्यात, वाटाव्यात.

आता त्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर आहे. पुस्तकाचं नाव देवनागरीत, पुढं साल, पुढं कुठून घेतलं ते. हे ताईंचं ठरलेलं, त्यात त्या कुणाची गय करत नाहीत. पेन ड्राइव्ह आणायचा, आधी त्याची व्हायरस तपासणी, मग पुस्तक. एक अडचण मात्र उरली आहे. देवघेवीच्या रजिस्टरात दाखल क्रमांकाशिवाय नोंद होत नाही आणि ई-पुस्तकाला दाखल क्रमांक नसतो. वर्षाच्या शेवटी तपासणीला माणूस आला की तो रजिस्टर बघणार, फोल्डर नाही. ताईंनी एक वेगळी शंभरपानी वही घातली आहे, तारीख, वाचकाचं नाव, पुस्तक, सही. कार्यकारिणीच्या बैठकीत ती मांडायची ठरली आहे. पहिल्या पानावर माझी सही आहे, त्याखाली भरतीच्या पोरांच्या, आणि मधे एकीकडे मोठ्या मायचं नाव, तिनं स्वतः काढलेलं. तिला गॅझेटिअरमधलं आमच्या गावचं पान झेरॉक्स करून हवं होतं.